नीट राहिली, आता पुढे काय? बारावी सायन्सवाल्यांचे प्रश्न

निकाल लागले की या पानासाठी येणारी पत्रं आणि मेल एकदम वाढतात आणि बहुतेकांत शेवटचं वाक्य एकच असतं, ताई लवकर सांगा, फॉर्मची तारीख जवळ आलीये. सगळ्यांना इथे उत्तर देणं जमत नाही, त्यामुळे ज्यांचा प्रश्न आणखी पुष्कळ जणांचा असणार असं वाटलं असे सहा घेतलेत. नावं छापलेली नाहीत.

प्रश्न: नमस्कार ताई. बारावी पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायो), ७८ टक्के. नीट दोनदा दिली, पहिल्यांदा ३१० आले, यंदा ४१२. आईबाबा म्हणतात अजून एक ड्रॉप घे, वर्षभर थांबून परत नीट दे, शंभर वाढलेत तर अजून शंभर वाढतील. मामा म्हणतो प्रायव्हेट बीडीएस घेऊन टाक, नावामागे डॉक्टर तर लागेल. मला आता फिजिक्सचं पुस्तक उघडलं की पोटात गोळा येतो. खरं सांगायचं तर एमबीबीएसच हवंय का हेच कळेनासं झालंय, पण दुसरं काय असतं तेही माहीत नाही. काय करू?

उत्तर: आधी एक गोष्ट डोक्यातून काढ, की तू नापास झालीयेस. दरवर्षी वीस लाखांहून जास्त मुलं नीट देतात आणि देशातल्या एमबीबीएसच्या सरकारी-खाजगी सगळ्या सीट्स मिळून सव्वा लाखाच्या आसपास जातात, म्हणजे बाकीची सगळी, लाखो मुलं, दरवर्षी दुसरीकडे कुठेतरी जातातच आणि त्यातली खूप जणं चांगलं काम करतायत.

आता ड्रॉपचं. नीटला किती वेळा बसायचं याला मर्यादा नाही, वरची वयाची अटही नाही, त्यामुळे थांबवणारं बाहेरचं कुणी नसतं, रेघ आपली आपण मारावी लागते. ती भावनेवर मारू नको, कागदावर मार. शेवटच्या तीनचार महिन्यातल्या सगळ्या मॉक टेस्ट काढ, तारीख आणि मार्क असे ओळीने लिही, विषयवार. मार्क शेवटपर्यंत चढत होते, ४८०-५०० पर्यंत जात होते आणि परीक्षेच्या दिवशीच घोळ झाला, तर तिसऱ्या वेळचा विचार करायला जागा आहे. पण दिवसाचे दहा दहा तास बसूनही आकडा चार महिने ४१०-४२० लाच घुटमळत असेल तर आईबाबांना तो कागद दाखव. ३१० चे ४१२ झाले म्हणून ५१२ होतील हे गणित बरोबर नाही, कारण पहिले शंभर मार्क बहुतेकदा सिलॅबस नीट पूर्ण झाल्याने वाढतात, पुढचे शंभर मात्र वळणावळणाचे प्रश्न वेळेत सुटले तरच वाढतात आणि चुकलेल्या प्रत्येकाला एक मार्क कापला जातो तो वेगळाच. आणि पोटातला गोळा हीसुद्धा माहितीच आहे, ती या हिशोबात धर.

मामांना सांग, दाताच्या डॉक्टरचं काम खूप बारीक हाताचं काम असतं, ज्याला ते आवडतं त्याने जरूर करावं, इंटर्नशिप धरून पाच वर्षं लागतात. पण नुसतं नावामागे डॉक्टर लागावं म्हणून एवढी वर्षं आणि एवढी फी घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरं काय असतं म्हणतेस ना, तर मी तुला माझ्या भाचीचं सांगते. तिलाही एमबीबीएस मिळालं नव्हतं, तिने बीएएसएलपी केलं, म्हणजे ऐकणं आणि बोलणं यातल्या अडचणींवर काम करायची डिग्री, ऑडिओलॉजिस्ट आणि स्पीच थेरपिस्ट होतात ते. इंटर्नशिप धरून चार वर्षं. एकदा मी तिच्या कामाच्या ठिकाणी दिवसभर बसले होते. जाड दाराची आवाजबंद खोली, आत आईच्या मांडीवर आठनऊ महिन्यांचं बाळ, दोन्ही बाजूंना स्पीकर आणि स्पीकरजवळ काळ्या काचेचं खोकं. स्पीकरमधून आवाज यायचा, बाळाने त्या बाजूला मान वळवली की खोक्यातलं खेळणं उजळायचं. भाची काचेच्या पलीकडून आवाज हळूहळू कमी करत होती आणि बाळाच्या मानेवरची नजर हलवत नव्हती. एका कानाच्या बाजूला बाळ वळलंच नाही, परत नाही, परत नाही. मग तिने बाहेर येऊन आईला जे सांगितलं, किती शांतपणे, पुढे कोणती टेस्ट, मशीन कधी बसवायचं, किती लवकर सुरू केलं तर भाषा चांगली येते, ते ऐकताना मला कळलं की या मुलीला तिचं काम सापडलंय. त्या आईसाठी त्या दिवशी तीच सगळ्यात मोठी डॉक्टर होती. मुंबईला अली यावर जंग यांच्या नावाची केंद्र सरकारची संस्था याच विषयातली आहे. काही कॉलेजं यासाठी नीटचा स्कोअर बघतात, काही स्वतःची परीक्षा घेतात, त्यामुळे प्रत्येकाचं माहितीपत्रक वेगळं वाच.

तुझा ४१२ वाया गेलेला नाही हेही लक्षात घे. महाराष्ट्रात फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, बीएएमएस (आयुर्वेद), बीएचएमएस (होमिओपॅथी) या सगळ्यांचे प्रवेश नीटच्या स्कोअरवर होतात. जनावरांची आवड असेल, शेणामातीत हात घालायची तयारी असेल तर व्हेटर्नरी आहे, साडेपाच वर्षं इंटर्नशिपसह, नागपूरचं पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ ते बघतं, फक्त तिथेही नीटच लागते आणि सीट्स कमी असल्याने मेरिट वर जातं. नर्सिंगची चार वर्षांची डिग्री आहे, तिची सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, वेगळी. एमएचटी-सीईटी पीसीबीमधून दिली असशील तर फार्मसीतलं बी.फार्म चार वर्षं, फार्म.डी सहा वर्षं, आणि राहुरी, अकोला, परभणी, दापोली या चार कृषी विद्यापीठांखालची बीएस्सी अ‍ॅग्री. डोळे तपासायच्या कामाची आवड असेल तर ऑप्टोमेट्री. पॅरामेडिकलमध्ये ऑपरेशन थिएटर, डायलिसिस, रेडिओलॉजी, लॅब, खूप काही आहे, पण इथे एकच गोष्ट डोळ्यात तेल घालून बघायची, कोर्सला कुठल्या विद्यापीठाची आणि कुठल्या कौन्सिलची मान्यता आहे ते. कॉलेजवाल्यांनी तोंडी सांगितलेलं धरू नको, कौन्सिलच्या यादीत नाव शोध. मान्यता नसलेल्या कोर्सला चार वर्षं घालवलेल्या मुलींची पत्रं मला येतात आणि त्यांना काय उत्तर द्यावं ते खरंच सुचत नाही.

तर आता कर असं, यातले तीन निवड, आणि तिन्ही कामं करणाऱ्या माणसांजवळ एकेक पूर्ण दिवस जाऊन बस. सकाळी पहिल्या पेशंटपासून शेवटच्या पेशंटपर्यंत. डिग्रीचं नाव आपण एकदा सांगतो, काम मात्र रोज करावं लागतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तुझं तुलाच कळेल कुठे बसून राहावंसं वाटलं आणि कुठे घड्याळाकडे लक्ष जात होतं.

प्रश्न: ताई मी पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स), सीईटीला ९१ पर्सेंटाइल. एका नावाजलेल्या जुन्या कॉलेजला मेकॅनिकल किंवा सिव्हिल मिळू शकतं आणि एका नवीन कॉलेजला कंप्युटर किंवा एआय-डेटा सायन्स. सगळे म्हणतात डोळे झाकून कंप्युटर घे. ऑप्शन फॉर्म कसा भरू?

उत्तर: डोळे झाकून काहीच घेऊ नकोस. तू कोडिंग केलंयस का कधी? शाळेत शिकवलं तेवढंच सोड, स्वतःहून, रात्री बसून, प्रोग्रॅम चालत नाही म्हणून वैतागून आणि मग चालल्यावर उडी मारून? नसशील केलं तर आत्ता फॉर्म सुरू व्हायला दिवस आहेत, पायथॉन फुकट शिकता येतं, पंधरा दिवस रोज दोन तास कर. आणि त्याच पंधरा दिवसात दोन्ही ब्रँचचा दुसऱ्या वर्षाचा सिलॅबस डाउनलोड करून वाच. पहिल्या वर्षाचा नको, पहिलं वर्ष सगळ्यांचं थोडंफार सारखंच असतं, गणित, फिजिक्स, ग्राफिक्स. खरी ब्रँच दुसऱ्या वर्षी सुरू होते. मेकॅनिकलला थर्मोडायनॅमिक्स, स्ट्रेंथ ऑफ मटेरियल, मशीनच्या हालचाली. कंप्युटरला डेटा स्ट्रक्चर, डिस्क्रीट मॅथ्स, कंप्युटरची आतली रचना. त्या विषयांची एकेक दोनदोन लेक्चर्स एनपीटीईएल या ऑनलाइन शिकायच्या साईटवर फुकट आहेत, आयआयटीचे प्राध्यापक शिकवतात, ऐकून बघ. जे ऐकताना पुढचं काय हे बघावंसं वाटतं ती तुझी ब्रँच.

एआय-डेटा सायन्सबद्दल माझं मत सांगते, पाया गणिताचा आणि कंप्युटर सायन्सचाच आहे. चांगल्या कॉलेजात ते शिकवणारी माणसं असतील तर उत्तम, पण नवीन कॉलेजात नुसती पाटी बदलली असेल आणि शिकवायला पूर्णवेळ लोकच नसतील तर त्या नावाचा उपयोग नाही. कॉलेजला जाऊन सिनिअर मुलांना गेटबाहेर गाठ आणि विचार, प्रॅक्टिकलं खरंच होतात का, की जर्नल नुसतं उतरवून घेतात. हा एक प्रश्न पुरतो.

ऑप्शन फॉर्मबद्दल मात्र नीट वाच कारण इथे दरवर्षी मुलं फसतात. कॅप राउंडला, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेशफेरीला, तुझी यादी वरून खाली बघितली जाते, पहिलं ऑप्शन मेरिटमध्ये बसतंय का, नाही तर दुसरं, नाही तर तिसरं. वर अवघड कॉलेज टाकलं म्हणून खालच्या कॉलेजातला तुझा हक्क कमी होत नाही. त्यामुळे यादी कटऑफच्या क्रमाने लावायची नसते, आपल्याला काय जास्त हवंय त्या क्रमाने लावायची. आणि पहिल्या राउंडला पहिलंच ऑप्शन लागलं की ती सीट आपोआप फ्रीझ होते, पुढच्या राउंडला जाता येत नाही, म्हणून पहिल्या नंबरवर तेच टाक जे मिळालं तर तू खरंच खूश होशील. पुढच्या राउंडांचे फ्रीझचे नियम त्या वर्षीच्या माहितीपत्रकात असतात, ते पान प्रिंट काढून भिंतीला लाव. कॅफेवाल्याला फॉर्म भरायला देऊन घरी येऊ नकोस, स्वतः भर, लॉक करायच्या आधी आईबाबांसमोर एकदा मोठ्याने वाच.

प्रश्न: आदरणीय ताई, आमच्या मुलीला बारावीत ९२ टक्के आहेत. सीईटीला पण चांगला स्कोअर आहे. पण ती म्हणते मला इंजिनिअरिंग नको, फिजिक्समध्येच बीएस्सी करायचंय. आम्ही दोघंही नोकरी करणारे, घरी कुणी या क्षेत्रात नाही. नातेवाईक म्हणतात एवढे मार्क मिळवून बीएस्सी? बीएस्सी करून काय मिळतं? तिला कसं समजवावं?

उत्तर: तुमची काळजी मला समजते, आणि मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. नुसती तीन वर्षांची बीएस्सी, कसंही कॉलेज, नुसत्या परीक्षेपुरता अभ्यास, असं केलं तर पुढे खरंच ओढाताण होते. पण मुलीचा ओढा खरा असेल तर तिला समजावण्याऐवजी तिला हा रस्ता नीट दाखवायला हवा, कारण हा रस्ता आहे, फक्त त्याच्या पाट्या कुणी लावलेल्या नाहीत.

मी स्वतः केमिस्ट्रीतून बीएस्सी केलं. प्रॅक्टिकल मला फार आवडायचं. टायट्रेशन करताना ब्युरेटमधून थेंब थेंब सोडायचा, फ्लास्क उजव्या हाताने गोल फिरवत राहायचं, आणि एका थेंबाला सगळं द्रावण फिकट गुलाबी होऊन तसंच राहायचं, तो थेंब मला अजून दिसतो. पण आमच्या कॉलेजात तीन वर्षांत कुणीही सांगितलं नाही की आयआयटीमध्ये एमएस्सी करता येतं आणि त्याला जॅम नावाची परीक्षा असते. शेवटच्या वर्षी डिसेंबरात लायब्ररीबाहेरच्या बोर्डावर एका कोपऱ्यात पिवळा पडलेला कागद दिसला, वाचला, फॉर्मची तारीख दोन महिन्यांपूर्वी गेली होती. मी त्या बोर्डासमोर किती वेळ उभी होते आठवत नाही. हे पान मी इतकी वर्षं लिहितेय त्याचं एक कारण तो कागद आहे.

तर पाट्या सांगते. फिजिक्स, केमिस्ट्री, बायो, गणित यात खोलवर जायचं असेल तर बारावीनंतर थेट आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्था असतात, देशात सात, पुण्यातलं २००६ साली सुरू झालं, पाच वर्षांचा बीएस-एमएस. त्यांची स्वतःची परीक्षा असते, चारही विषयांचे प्रत्येकी १५ प्रश्न. भुवनेश्वरचं नायसर आणि मुंबईतलं अणुऊर्जा खात्याचं सीईबीएस या तशाच विज्ञान संस्थांसाठी नेस्ट ही परीक्षा. बंगळूरच्या आयआयएस्सीला, म्हणजे भारतीय विज्ञान संस्थेला, चार वर्षांची संशोधनाकडे झुकलेली बीएस आहे. या सगळ्यांचे फॉर्म बहुतेकदा बोर्डाचा निकाल लागायच्या आधीच भरायचे असतात, इथेच बहुतेक घरं चुकतात, हे अकरावी-बारावीतल्या मुलांच्या पालकांनीही वाचून ठेवावं. 

तुमच्या मुलीचे हे फॉर्म राहिले असतील तर काही बिघडलं नाही. प्रयोगशाळा चांगली असलेल्या कॉलेजात बीएस्सी घ्या. आता नवीन धोरणात चार वर्षांची ऑनर्स किंवा रिसर्चची डिग्री आलीये, ती ७५ टक्क्यांनी पूर्ण केली तर थेट पीएचडीला अर्ज करता येतो. तीन वर्षांनी बाहेर पडून एमएस्सी करायचं असेल तर जॅम, परीक्षा फेब्रुवारीत, फॉर्म त्याच्या आधीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात, हे कॅलेंडरवर आत्ताच लिहून ठेवा. नंतर नेट या परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, मिळाली तर पीएचडी करताना महिन्याला ३७,००० रुपये मिळतात, म्हणजे त्या वयात ती तुमच्यावर अवलंबून नसते. बोर्डात वरच्या एक टक्क्यात असेल तर केंद्र सरकारची इन्स्पायर शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ८०,०००, फक्त मूलभूत विज्ञान शिकणाऱ्यांसाठी. त्याची चौकशी लगेच करा. एमएस्सीनंतर भाभा अणुसंशोधन केंद्राचं ट्रेनिंग स्कूल आहे, १९५७ पासूनचं, तिथे फिजिक्सवाले लागतात. 

वेळ लागतो हे मात्र मान्य करायला हवं. इंजिनिअर झालेली मैत्रीण २२ व्या वर्षी पगार आणेल तेव्हा तुमची मुलगी अजून शिकत असेल, आणि पीएचडी होईपर्यंत २७-२८ होतं. लग्नाचं विचारणारे लोक तोपर्यंत घरी येऊन बसतील. तेव्हा तुम्ही दोघं तिच्या बाजूने उभे राहणार का, हे आत्ता एकमेकांशी बोलून घ्या, तिच्या डिग्रीपेक्षा मला याची जास्त काळजी वाटते.

आणि एक करा, तिला नारायणगावजवळ खोडदला घेऊन जा. तिथे जीएमआरटी आहे, रेडिओ दुर्बीण, ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना, काही एकत्र आणि बाकीच्या तीन दिशांना लांबवर पसरलेल्या. विज्ञान दिनाच्या सुमाराला, फेब्रुवारीच्या शेवटी, लोकांना आत जाऊन बघता येतं. तिथले तरुण संशोधक स्वतः समजावून सांगतात. त्यांना तुम्ही विचारा, दिवसभर काय करता, किती वर्षं लागली, घरचे काय म्हणाले. नातेवाईकांच्या मतापेक्षा ते ऐका.

प्रश्न: मी पीसीबी घेतलं होतं कारण सगळे मेडिकल म्हणत होते. आता मला पायलट व्हायचंय. मॅथ्स नाहीये. संपलं का सगळं?

उत्तर: अजिबात नाही. कमर्शियल पायलटच्या लायसन्ससाठी बारावीला फिजिक्स आणि गणित लागतं, फिजिक्स तुझ्याकडे आहे, गणित हा एकच विषय एनआयओएस या मुक्त शाळेच्या बोर्डातून वेगळा देऊन पास होता येतो. पण पैसे भरण्याआधी, अगदी चौकशीचे पैसेसुद्धा, डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीचं सरकारी खातं, त्याच्या मान्यताप्राप्त डॉक्टरकडून क्लास टू मेडिकल ही तपासणी करून घे. डोळे, रंग ओळखणं, कान, सगळं बघतात. तिथे अडकलं तर पुढचा खर्च वाचतो. नंतर २०० तास उडवावं लागतं आणि तो खर्च फार मोठा आहे, घर गहाण टाकण्याआधी दोनतीन नुकत्याच पास झालेल्या पायलटांना भेट, लायसन्स मिळाल्यावर नोकरीला किती थांबावं लागलं ते विचार. एअरफोर्स डोक्यात असेल तर एनडीए या सैन्यदलांच्या अकादमीच्या परीक्षेलाही त्या शाखेसाठी फिजिक्स, केमिस्ट्री, गणित तिन्ही लागतात, आणि वयाची मर्यादा साडेएकोणीसला संपते, तेव्हा तारीख आधी तपास.

प्रश्न: मला युपीएससी करायचीय, मग सोपी डिग्री कुठली घेऊ म्हणजे अभ्यासाला वेळ मिळेल?

उत्तर: सोपी म्हणून घेऊ नकोस. युपीएससीला कुठलीही डिग्री चालते आणि वय २१ पूर्ण लागतं हे खरं, पण परीक्षा निघाली नाही तर हातात काय उरतं हा प्रश्न २५ व्या वर्षी येतो तेव्हा फार जड असतो, मी तो अनेकांच्या तोंडून ऐकलाय. जी डिग्री एकटी उभी राहू शकते ती घे. सायन्सवाल्यांसाठी एक गोष्ट सांगते जी फार जणांना माहीत नसते, भारतीय वन सेवेला बसायला विज्ञानातलीच डिग्री लागते, बॉटनी, झूऑलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स, गणित, स्टॅटिस्टिक्स, जिऑलॉजी यातला एखादा विषय, नाहीतर शेती, फॉरेस्ट्री, व्हेटर्नरी, इंजिनिअरिंग. झाडंझुडपं, जंगल आवडत असेल तर तुझ्या सायन्सचा तिथे थेट उपयोग आहे.

प्रश्न: ताई, प्रश्न माझा नाही, माझ्या लहान बहिणीचा आहे. ती बारावी सायन्स झाली, पीसीएम, मार्क बरे आहेत. तिला लॉ करायचंय. दोन महिने झाले बाबा तिच्याशी बोलत नाहीत, म्हणतात दोन वर्षं सायन्सची फी भरली ती वाया घालवायची का, आणि आता मुलींना इंजिनिअरिंगला फी माफ आहे तर घ्यायला काय जातं. मी मध्ये पडून काय बोलू?

उत्तर: तू तिच्यासाठी लिहिलंस याचं मला फार बरं वाटलं. आधी बाबांचा मुद्दा, तो खोटा नाही. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने व्यावसायिक कोर्सना ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण प्रवेश कॅपमधूनच व्हायला हवा, मॅनेजमेंट कोट्याला ते नाही, आणि हॉस्टेल, जेवण, बाकीच्या फिया यात येत नाहीत. कागदपत्रं वेळेत लागतात, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, जातीचा दाखला असेल तर त्याची वैधता, आणि वैधतेला वेळ लागतो. बाबांना बहुधा हे माहीत नसेल की लॉ हासुद्धा व्यावसायिक कोर्स आहे. तिला सीईटीतून, कॅपमधून पाच वर्षांच्या लॉला प्रवेश मिळाला तर तिथे ही सवलत मिळते का ते कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात जाऊन लेखी विचारून ये. ते एक उत्तर घरात खूप काम करेल.

सायन्स वाया जात नाही, हे मी मनापासून सांगते. पेटंटचं काम घे, नव्या औषधाचं, नव्या यंत्राचं पेटंट. पेटंट एजंटची सरकारी परीक्षा द्यायला विज्ञान किंवा इंजिनिअरिंगची डिग्रीच लागते. बारावी पीसीएम करून लॉकडे गेलेल्या मुलीला नुसत्या बारावीवर ती परीक्षा देता येणार नाही हेही खरं, त्यासाठी आधी बीएस्सी आणि मग तीन वर्षांचं लॉ असा दुसरा रस्ता आहे, वर्षं एकानेच जास्त लागतात. हा मधला रस्ता बाबांना पटण्यासारखा आहे आणि तुझ्या बहिणीलाही आवडू शकतो, तिला विचार. तिला तो नको असेल, लगेच लॉच हवं असेल, तर तेही ठीक आहे, पाच वर्षांच्या लॉला कुठल्याही शाखेची बारावी चालते.

पण बाबांशी बोलताना आधी फीचा आणि कोर्सचा विषय काढू नकोस. दोन महिने गप्प बसलेल्या माणसाला आकडे सांगितले की तो अजून गप्प बसतो. बहिणीला एक दिवस कोर्टात घेऊन जा, साधी सुनावणी बघायला, बऱ्याच सुनावण्या कुणालाही मागे बसून बघता येतात. आणि जमलं तर बाबांनाही सोबत घे. ती तिथे काय बघते, बाहेर आल्यावर काय प्रश्न विचारते, ते त्यांना समोर दिसू दे. येताना बसमध्ये दोघांना शेजारी बसव आणि तू मागच्या सीटवर बस.